घाटातली एम-एटी

डोंगरवाटांवरच्या चिमुकल्या मोटारसायकलींचा विषय निघाला की होंडाच्या ‘मंकी’चं नाव पहिलं येतं. 1961 साली तोक्योजवळच्या तामा टेक या करमणूक बागेसाठी तयार झालेली ही 49 सीसीची गाडी पुढे रस्त्यावर उतरली आणि जगभर गाजली. आपल्याकडे 1973 मध्ये ‘बॉबी’ चित्रपटात एस्कॉर्ट्सची बुटकी राजदूत जीटीएस 175 दिसली. लोकांनी तिचं नावच बॉबी करून टाकलं. हौशी मंडळी आज तिला जिवापाड जपतात. पण साताऱ्या-सांगलीच्या डोंगराळ गावांत, पाणंदीतून आणि जांभ्याच्या उखडलेल्या चढांवरून जी छोटी गाडी राबली, ती बजाजची एम-80. तिला सगळे एम-एटी म्हणतात.

बजाजनं 1981 मध्ये एम-50 आणली. 1985 मध्ये वाळूजचा कारखाना सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी एम-80 बाजारात आली. सुमारे 74 सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, स्कूटरसारखे डाव्या मुठीत फिरवायचे गियर, किक मारून चालू करायची. दिसायला ना धड स्कूटर ना मोटारसायकल. दूधवाल्यानं मागे दोन्ही बाजूंना कॅन लटकवले, भाजीवाल्यानं जाळ्या रचल्या, शेतकऱ्यानं खताचं पोतं आडवं टाकलं. तिच्या रूपाबद्दल कुणी तक्रार केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

चढावर तिचं बळ कशात आहे? टू-स्ट्रोक इंजिनात दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला स्फोट होतो, फोर-स्ट्रोकमध्ये दोन फेऱ्यांतून एकदा. त्यामुळे इवलंसं इंजिनही हलक्या गाडीला जोरात खेचतं. पहिला गियर आखूड; वेग मिळत नाही, पण ओढ मिळते. चाकं स्कूटरपेक्षा मोठी असल्यानं दगडावर आपटून थांबत नाहीत, चढून जातात. आणि हातातला गियर! घसरड्या वाटेवर गियर बदलताना डाव्या पायाला काही कामच नसतं, तो जमिनीला टेकवून तोल सावरता येतो. गाडी अडलीच, तर दोघं मिळून उचलून बांधापलीकडे ठेवतात. महागड्या ऑफ-रोड मोटारसायकलीला हे सुख नाही.

महाबळेश्वरचा चढ मात्र तिचीही परीक्षा घेतो. वाईहून पसरणी घाटानं पाचगणीला जायचं, तर सुमारे 12 किलोमीटरमध्ये जवळजवळ 600 मीटर उंची गाठावी लागते. महाबळेश्वर त्याहून वर, साधारण 1,370 मीटरवर. तिथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक अष्टमांशानं विरळ असते. कार्बोरेटरला हे कळत नाही, तो पेट्रोल पूर्वीइतकंच सोडतो. मिश्रण दाट होतं, प्लगवर काजळी धरते, गाडी भकभक करू लागते. म्हणून जाणता माणूस डिकीत जादा प्लग, पाना आणि पॉलिश पेपरचा तुकडा ठेवतो. पावसाळ्यात ढग रस्त्यावरच उतरलेले असतात. मग प्लगच्या टोपीत ओल शिरते, आणि ती टोपी पुसायला कोरडं फडकंही लागतं.

खरी कसोटी उतारावर लागते. नवख्याला हे पटत नाही. जुन्या टू-स्ट्रोक इंजिनाला वंगण मिळतं ते पेट्रोलमध्ये मिसळलेल्या ऑइलमधून. आंबेनळी घाटातून पोलादपूरकडे उतरताना ॲक्सिलरेटर पूर्ण मिटून गाडी गियरवर सोडली, की इंजिन फिरत राहतं पण पेट्रोल जवळजवळ बंद, म्हणजे ऑइलही बंद. तापलेला पिस्टन कोरडाच घासतो आणि गाडी सीझ होते. मागचं चाक क्षणात जाम. म्हणून थोड्या थोड्या अंतरानं मूठ जराशी उघडून इंजिनाला ऑइलचा घोट द्यायचा. टू-स्ट्रोकला इंजिनाचा अडसर तसाही कमी, त्यामुळे सगळा भार ड्रम ब्रेकवर. ते तापले की पकड सोडतात. वळणाच्या आधी दाबायचं, वळणात सोडायचं आणि मध्ये थांबून चाकं थंड होऊ द्यायची. ही शिस्त कंपनीच्या पुस्तकातून आली नाही. घाटात रोज दूध घालणाऱ्यांनी ती अंगवळणी पाडली, आणि माझ्या मते डोंगरात गाडी चालवण्याचं याहून चांगलं शिक्षण नाही.

नवे प्रदूषण-नियम आले आणि टू-स्ट्रोकचा निळा धूर मागे पडला. एम-80ला फोर-स्ट्रोक इंजिन मिळालं, पुढे तिचं उत्पादनच थांबलं. तरी गाडी संपली नाही. केरळात तर गियरच्या दुचाकीचा परवाना देताना कित्येक वर्षं एम-80वरच परीक्षा घेत. हातानं गियर बदलायच्या गाड्या तिथल्या परीक्षेतून बाद झाल्या त्या 2024च्या ऑगस्टमध्ये.

अलीकडे जुन्या गाड्या दुरुस्त करून डोंगरात नेण्याची हौस वाढली आहे. मला ती मनापासून आवडते. पण महाबळेश्वर-पाचगणीचा परिसर जानेवारी 2001 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित आहे. इथल्या सड्यांवर जांभ्यावर मातीचा पातळ थर असतो, आणि पावसाळ्यातली सगळी फुलं त्या बोटभर मातीत उगवतात. गाडीची चाकं ती माती उचकटतात आणि पुढचा पाऊस ती वाहून नेतो. एम-एटी शेतावर जायच्या वाटेसाठी आहे. भिलार-भोसेच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यापर्यंत खुशाल न्या, सड्यावर आणि जंगलात नको.

तुमच्या गोठ्यात एखादी धूळ खात पडली असेल, तर भंगारवाल्याला देण्याआधी जरा थांबा. तिची नोंदणी नूतन करून घ्या, मूळ भाग बदलू नका. केंद्र सरकारच्या 2021च्या नियमांनुसार पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. पहिल्या एम-एटींना तो मान 2036 मध्ये मिळेल.