पुरळ गेले तरी औषध थांबवू नका



थंडी पडू लागली की वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत घसा धरलेली मुले दिसू लागतात. त्यांतली बहुतेक चार-पाच दिवसांत आपोआप बरी होतात. एखाद्या मुलाला मात्र घसादुखी आणि तापाबरोबर अंगभर बारीक लाल पुरळ येते. हा स्कार्लेट फीवर असू शकतो. आपल्या अनेक मंडळ्या आदिवासी मुलांच्या वसतिगृहांना हातभार लावतात, म्हणून या आजाराची माहिती सर्वांना असावी असे मला वाटते.

एके काळी या तापाने घरेच्या घरे ओस पाडली. १८५६ साली इंग्लंडमधील कार्लाइल येथील कथीड्रलचे डीन आर्चिबाल्ड टेट यांच्या घरात तो शिरला. मार्च-एप्रिलमधल्या जेमतेम पाच आठवड्यांत त्यांच्या पाच लहान मुली एकामागून एक गेल्या. हेच टेट पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झाले. घरात कशाची वाण नव्हती, डॉक्टर होते, प्रार्थना करणारे आईबाप होते. पण या रोगावर औषधच नव्हते. पेनिसिलिनचा शोध लागला तो १९२८ साली. आज तेच औषध स्वस्तात मिळते. तरीही आपल्या मुलांना धोका आहे, कारण औषध मिळणे आणि औषध पूर्ण होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आजार कसा होतो?

‘ग्रुप ए स्ट्रेप्टोकॉकस’ नावाचे जंतू घशात वाढतात. त्यांतले काही एक विष तयार करतात आणि त्या विषामुळे अंगावर पुरळ उठते. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत हा आजार जास्त दिसतो. खोकला व शिंकेतून उडणाऱ्या थेंबांतून, तसेच एकाच पेल्याने पाणी प्यायल्याने तो पसरतो. संसर्गानंतर साधारण दोन ते पाच दिवसांत लक्षणे दिसतात. जिथे मुले एकमेकांना लागून झोपतात, तिथे एकाचा आजार खोलीभर व्हायला वेळ लागत नाही. यावर अजून लस नाही.

डोळ्यांबरोबर हातानेही ओळखा

पुस्तकांतल्या चित्रांत गोऱ्या कातडीवरचे लालभडक पुरळ दाखवलेले असते. आपल्या सावळ्या मुलांच्या अंगावर ते तसे दिसत नाही, सहज नजरेतून सुटते. म्हणून मी आमच्या गृहमातांना सांगते, मुलाच्या पोटावरून, पाठीवरून हात फिरवा. सुताराच्या पॉलिश पेपरसारखे खरखरीत लागले तर सावध व्हा. मान, काख आणि जांघ येथे पुरळ जास्त असते. जीभ आधी पांढरट दिसते, मग लाल आणि दाणेदार होते. गळ्याच्या गाठी सुजतात, गिळताना दुखते. आठवड्याभराने पुरळ ओसरते आणि बोटांच्या टोकांची साल निघू लागते.

अंगावर पुरळ आले की पाड्यावर लोक गोवर समजतात किंवा देवी आली म्हणतात. गोवरात सहसा आधी सर्दी, खोकला व लाल डोळे असतात आणि पुरळ चेहऱ्यापासून खाली उतरते. पण घरी बसून फरक ओळखत वेळ घालवू नये. कोणी भगताकडे गेले म्हणून त्यांना रागावूही नये. मी एवढेच म्हणते, “दादा, तिकडे जाऊन आलात, आता दवाखान्यातही चला.” रागावलेला माणूस दुसऱ्यांदा आपल्याला बोलावत नाही.

खरा धोका नंतरचा

पुरळ आपोआप जाते, तापही उतरतो. इथेच फसगत होते. उपचार न झाल्यास किंवा अर्धवट राहिल्यास साधारण दोन-तीन आठवड्यांनी काही मुलांना संधिवाताचा ताप येतो. आज गुडघा, उद्या घोटा, परवा मनगट असे सांधे सुजून दुखतात. सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. मग तेच मूल काही वर्षांनी चढ चढताना धापा टाकते. मुलींचा हा आजार कधी कधी पहिल्या बाळंतपणातच उघड होतो. पुरळ न येता नुसता घसा दुखला, तरी त्यामागे हेच जंतू असतील तर हा धोका असतोच.

काहींच्या मूत्रपिंडालाही सूज येते. आजारानंतर मुलाचा चेहरा सुजला किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली तर लगेच दवाखाना गाठावा.

दहा दिवस म्हणजे दहा दिवस

डॉक्टर बहुधा पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन दहा दिवस देतात. आजार सुरू झाल्यापासून नऊ दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तरी संधिवाताचा ताप टाळता येतो. दोन-तीन दिवसांत मूल खेळू लागते आणि उरलेल्या गोळ्या पुढच्या दुखण्यासाठी कोनाड्यात ठेवल्या जातात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर निघालेल्या कुटुंबाची तर गोष्टच निराळी. तेव्हा त्यांची अडचण डॉक्टरांना आधीच सांगावी. पेनिसिलिनचे एकच इंजेक्शन देण्याचाही पर्याय असतो. पूर्वी एखाद्या औषधाने त्रास झाला असेल तर तेही सांगावे.

मात्र प्रत्येक घसादुखीला अशा गोळ्या लागत नाहीत. नाक वाहते, खोकला आहे, आवाज बसला आहे, तर बहुधा तो विषाणूचा आजार असतो. मनाने औषध देऊ नये. तापासाठी मुलांना ॲस्पिरिन तर मुळीच देऊ नये.

आपण काय करू शकतो?

• आजारी मुलाला वेगळे झोपवावे. औषध सुरू होऊन एक दिवस होईपर्यंत आणि ताप उतरेपर्यंत वर्गात पाठवू नये.
• प्रत्येक मुलाला स्वतःचा पेला व टॉवेल असावा. वसतिगृहाला भेटवस्तू देताना खाऊबरोबर याचाही विचार करावा.
• भिंतीवर दहा चौकोनांचा कागद लावावा. गोळ्या घेतल्या की त्या दिवसाच्या चौकोनावर मुलानेच खूण करावी. मुले ते आवडीने करतात.
• शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तपासणीला येते, तेव्हा धाप लागणारी किंवा सांधे दुखणारी मुले मुद्दाम पुढे करावीत. २०१३ पासूनच्या या कार्यक्रमात संधिवातामुळे होणारा हृदयरोगही तपासला जातो.
• ज्या मुलाला संधिवाताचा ताप येऊन गेला आहे, त्याला दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे घ्यावे लागते. त्याची तारीख चुकू देऊ नये. त्याच्या गावात आपले कोणी असेल, तर त्या दिवशी त्याला दवाखान्यात घेऊन जाणे ही मोठी सेवा आहे.

पुढच्या वेळी वसतिगृहाला भेट द्याल, तेव्हा आजारी मुलांविषयी “बरा झाला का?” एवढेच विचारू नका. “गोळ्या संपल्या का?” हेही विचारा.