ग्रहांचे फोटो : कॅमेरा बदलला की चित्र बदलतं का?

‘गुरूचा चांगला फोटो हवा तर जास्त मेगापिक्सेलचा कॅमेरा घ्या.’ नवी दुर्बीण घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे, आणि हे दाखवायला साधं गणित पुरतं. गुरू पृथ्वीजवळ असताना त्याचं बिंब साधारण 45 विकलांचं दिसतं. विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग. आठ इंची दुर्बिणीची तपशील वेगळे करण्याची मर्यादा साधारण 0.57 विकला आहे. ती आरशाच्या व्यासाने ठरते, कॅमेऱ्याने नाही. एवढा तपशील टिपायला एका विकलेला पाच पिक्सेल पुरतात. म्हणजे अख्खा गुरू सव्वादोनशे पिक्सेलमध्ये मावला! 640 × 480चा जुना वेबकॅम लावला तरी चहूबाजूंना काळं आकाश उरतं. चोवीस मेगापिक्सेलमध्ये ते आणखी उरेल, इतकंच.

म्हणूनच 2000 नंतरच्या काही वर्षांत फिलिप्सच्या ‘टूयूकॅम’ या घरगुती वेबकॅमने हौशी खगोलछायाचित्रणाचा नूर पालटला. त्याचं पुढचं भिंग काढायचं, तिथे नळी बसवायची आणि नेत्रिकेच्या जागी तो दुर्बिणीला लावायचा. मग एक फोटो न काढता व्हिडिओ घ्यायचा. हवा सतत थरथरत असते, पण अधूनमधून क्षणभर स्थिर होते. त्या क्षणांच्या फ्रेम निवडून एकावर एक रचल्या की तपशील वर येतो. हे निवडण्या-रचण्याचं काम करणारा कॉर बेरेवूट्स यांचा ‘रेजिस्टॅक्स’ प्रोग्राम त्याच सुमारास आला. आजही ग्रहांची उत्तम चित्रं याच रीतीने निघतात. एकाच क्लिकमध्ये तसा गुरू मिळेल, ही अपेक्षा सोडून द्यावी.

‘जुन्या कॅमेऱ्यांनी काही खरं काम होत नसे,’ असंही ऐकू येतं. पण फिलिपिन्समधल्या क्रिस्टोफर गो यांनी 2006 मध्ये अकरा इंची दुर्बिणीतून गुरूवरचं एक पांढरं वादळ लाल झाल्याचं टिपलं. ऑस्ट्रेलियातल्या अँथनी वेस्ली यांना 19 जुलै 2009 रोजी गुरूवर आदळलेल्या वस्तूचा काळा डाग सर्वांआधी दिसला. दोघांचेही कॅमेरे आजच्या हिशेबाने जुनाट होते.

मग नव्या कॅमेऱ्यांत सुधारलं काय? मुख्य म्हणजे वेग. यूएसबीच्या पहिल्या पिढीतून सेकंदाला जास्तीत जास्त 12 मेगाबिट जात. 640 × 480ची एक कच्ची फ्रेमच अडीच मेगाबिटच्या आसपास भरते, त्यामुळे सेकंदाला पाचेक फ्रेमच्या पुढे गेलं की वेबकॅम चित्र दाबून पाठवायचा आणि तपशील खायचा. वेळ वाढवून ही तूट भरता येत नाही. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो आणि बिंबाच्या मध्यावरचा तपशील मिनिटाला जवळपास पाव विकला सरकतो. दोन-तीन मिनिटांत चित्र पुसट होऊ लागतं. (‘विनजूपॉस’सारखे प्रोग्राम हे फिरणं बऱ्यापैकी उलटवतात, पण तो पुढचा अभ्यास.) पाचच्या वेगाने तीन मिनिटांत 900 फ्रेम, आजच्या यूएसबी 3 कॅमेऱ्याने सेकंदाला शंभर धरल्या तर 18,000. दोन्हींतून उत्तम वीस टक्के उचलल्या तर 180 विरुद्ध 3,600. खरखर फ्रेमसंख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटते, म्हणजे फरक साडेचार पटींचा.

दुसरी सुधारणा सेन्सरच्या पोटातली. प्रत्येक फ्रेम वाचताना सेन्सर आपली थोडी खरखर तिच्यात मिसळतो. सोनीच्या आयएमएक्स 224 सारख्या सेन्सरमध्ये, गेन वाढवल्यावर, ती एका इलेक्ट्रॉनच्याही खाली येते. त्यामुळे पाच-दहा मिलिसेकंदांची फ्रेमही वापरण्याजोगी निघते, आणि फ्रेम जितकी छोटी तितकी हवेची थरथर तिच्यात कमी. मला विचाराल तर नव्या कॅमेऱ्याचे पैसे या दोन गोष्टींसाठीच मोजावेत.

आता नेहमीची फसगत. कॅमेरा नवा आला, बार्लो (प्रतिमा मोठी करणारं जोडभिंग) जुनाच राहिला. ढोबळ नियम असा, की पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा आणि त्याच्या पाचपट एफ-गुणोत्तर (दुर्बिणीचं नाभीय अंतर भागिले व्यास) ठेवावं. टूयूकॅमचा पिक्सेल 5.6 मायक्रॉनचा, म्हणून एफ/28; एफ/10च्या दुर्बिणीला तिप्पट बार्लो तिथे शोभत असे. आज 2.9 मायक्रॉनच्या पिक्सेलला एफ/15 पुरतं. तिथे तोच तिप्पट बार्लो लावला तर गुरू मोठा, अंधूक आणि मऊ दिसतो आणि दोष कॅमेऱ्याला जातो. छोटा पिक्सेल कमी प्रकाश गोळा करतो ही भीतीही इथे फोल आहे. गुणोत्तर पिक्सेलच्या प्रमाणात उतरवलं की प्रत्येक पिक्सेलला पूर्वीइतकाच प्रकाश मिळतो.

थंड करणारा महागडा कॅमेरा तेजोमेघांसाठी ठीक. मिलिसेकंदांच्या फ्रेमना त्याचा उपयोग नाही. कृष्णधवल कॅमेरा इन्फ्रारेड किंवा मिथेन फिल्टरसाठी आजही सरस, पण नवशिक्याने रंगीतच घ्यावा.

‘शहरातून ग्रह टिपता येत नाहीत’ हा समजही टाकून द्या. गुरू-शनी इतके तेजस्वी असतात, की रस्त्यावरच्या दिव्यांनी फारसं बिघडत नाही. बिघडवते ती दिवसभर तापलेली गच्ची आणि आरशाच्या नळीतली गरम हवा. उलट महाराष्ट्राचा अक्षांश मोठी सोय आहे. 2019-20 मध्ये गुरू आणि शनी लंडनहून क्षितिजावर जेमतेम 16-17 अंश चढत होते, पुण्याहून पन्नासच्या जवळपास. 2025-26च्या हिवाळ्यात मिथुनेतला गुरू पुण्यात जवळजवळ डोक्यावर आला. जाड हवेतून पाहावं लागत नाही, हा फायदा कोणत्याही सेन्सरपेक्षा मोठा.

तेव्हा जुना वेबकॅम हाताशी असेल तर त्यानेच सुरुवात करा. नवा घ्यायचाच तर छोट्या सेन्सरचा, रंगीत, यूएसबी 3चा घ्या. आणि खरेदीआधी एका रात्री दुर्बीण तासभर बाहेर ठेवून थंड करा, ताऱ्यावर आरसे जुळवून पाहा. पुष्कळदा हवी असलेली सुधारणा तिथेच फुकटात मिळते.