खाऱ्या टाकीचा सामू का घसरतो?

चर्नी रोड स्थानकाजवळचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. गिरगाव, परळ, लालबाग, दादर भागांतल्या शाळांच्या कितीतरी सहली तेथे जाऊन आल्या आणि समुद्रातला मासा जिवंत, पोहताना कसा दिसतो हे मुलांनी तेथे प्रथम पाहिले. २०२० च्या टाळेबंदीत मत्स्यालय बंद झाले व पुढे त्याची इमारत धोकादायक ठरली. खाऱ्या पाण्याची शंभर लिटरची छोटी टाकी मात्र आता घरात किंवा शाळेच्या प्रयोगशाळेतही ठेवता येते. चुनखडीचे खडक, त्यांवरची गुलाबी शेवाळे, दोन-चार विदूषक मासे आणि काही गोगलगायी एवढा संसार त्यात सुखाने नांदू शकतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आले. ते समुद्रातून आणणे, विकत घेणे किंवा टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे. विद्यार्थ्यांनाही हे सांगायला हवे. प्रवाळांविनाही टाकीतले रसायनशास्त्र तेच असते, कारण गुलाबी शेवाळे आणि गोगलगायीसुद्धा प्रवाळांप्रमाणेच पाण्यातून कॅल्शियम कार्बोनेट काढून घेतात.

अशा टाकीत नेहमी येणारी तक्रार म्हणजे सामू, अर्थात पीएच, घसरण्याची. समुद्राच्या पाण्याचा सामू ८.१ ते ८.२ च्या आसपास असतो. टाकीत तो एके दिवशी ७.८ भरतो. मग बाजारातून सामू वाढवणारी पूड आणून पाण्यात टाकली जाते. सामू वर जातो, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाली येतो. पुन्हा पूड टाकली जाते आणि दोन-तीन दिवसांत मासे मरतात. ताप आलेल्या माणसाला कशाचा ताप आहे हे न पाहता औषध द्यावे, तसाच हा प्रकार. घसरलेला सामू हे लक्षण आहे. त्यामागे निरनिराळी कारणे असू शकतात आणि एका कारणावरचा उपाय दुसऱ्या कारणात घातक ठरतो.

समुद्र आणि टाकी यांतील फरक

'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून पाण्याचे नमुने गोळा केले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण करून विल्यम डिटमार याने १८८४ साली दाखवून दिले की, पाणी कमी खारट असो वा जास्त, त्यातील प्रमुख क्षारांचे एकमेकांशी प्रमाण जवळजवळ तेच राहते. म्हणून खुल्या समुद्रात एक घटक मोजला की बाकीचे हिशेबाने काढता येतात.

टाकीत हा नियम चालत नाही. येथे पाणी थोडे, जीव फार, आणि बाहेरून भर घालणाऱ्या नद्या नाहीत. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांत कार्बोनेट कुळातील घटक बायकार्बोनेटच्या हिशेबाने जेमतेम ०.१४ ग्रॅम भरतात, आणि सामू आवरून धरण्याचे काम मुख्यतः एवढ्याशा घटकांकडे असते. पाणी चवीला पूर्वीइतकेच खारट, घनतामापीवर विशिष्ट गुरुत्व अगदी बरोबर, आणि तरीही हा साठा निम्मा संपलेला, असे टाकीत सहज घडते.

आधी अमोनिया पाहा

सामू कमी दिसला तरी पहिली चाचणी अमोनियाची करावी. माशांच्या श्वसनातून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका गटाचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या गटाचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू खडकांवर व वाळूवर पुरेसे वाढायला सर्वसाधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता मासे सोडले, तर पाण्यात अमोनिया साचतो.

पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो. अमोनियम आयन हे रूप तुलनेने निरुपद्रवी. विद्युतभार नसलेला अमोनिया मात्र कल्ल्यांतून सरळ माशाच्या शरीरात शिरतो. या दोन रूपांची वाटणी सामूवर ठरते. २५ अंश सेल्सियसला सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे अर्धा टक्काच विषारी रूपात असतो. सामू ८.२ ला पोहोचला की तो भाग सहा-सात टक्के होतो. अमोनिया तेवढाच, पण विष दहा-बारा पट. अमोनिया असलेल्या पाण्यात सामू वाढवणारी पूड टाकली की मासे का मरतात, याचे उत्तर येथे आहे.

चाचणीत अमोनिया आढळला तर अन्न बंद करावे, हवेचा पंप जोरात चालवावा आणि तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी त्याच तापमानाचे व त्याच लवणतेचे हवे. सामूकडे तूर्त लक्ष देऊ नये.

सामू आणि अल्कता

अमोनिया नसेल तर दुसरी चाचणी अल्कतेची. आम्ल पडले असता ते पचवण्याची पाण्याची एकूण क्षमता म्हणजे अल्कता. सामू ही पाण्याची या क्षणाची स्थिती, तर अल्कता ही त्याची गंगाजळी. समुद्राच्या पाण्यात अल्कता लिटरला सुमारे २.३ मिलिइक्विव्हॅलंट असते. सोयीसाठी यालाच आपण २.३ एकके म्हणू. बाजारातील चाचणी-संच बहुधा जर्मन अंशांत आकडा देतात. एक एकक म्हणजे २.८ अंश.

कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ही चाचणी संचाविनाही होते. टाकीतील १०० मिलिलिटर पाणी शंकुपात्रात घेऊन त्यात मिथिल ऑरेंजचे दोन-तीन थेंब टाकावेत आणि ब्युरेटमधून ०.०२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल सोडावे. पिवळा रंग नारिंगी होऊ लागला की थांबावे. प्रत्येक मिलिलिटर आम्ल म्हणजे अल्कतेचे ०.२ एकक. समुद्राच्या पाण्याला सुमारे साडेअकरा मिलिलिटर लागतील. सात-आठ मिलिलिटरमध्येच रंग पालटला, तर गंगाजळी आटली आहे असे समजावे.

अल्कता खाली आणणाऱ्या गोष्टी दोन. पहिली म्हणजे वर सांगितलेले जिवाणू. नत्रयुक्त कचऱ्याचे नायट्रेट होताना आम्ल तयार होते. लिटरमागे ५० मिलिग्रॅम नायट्रेट साठले की अल्कता साधारण ०.८ एककाने उतरते. म्हणून जुन्या, पाणी न बदललेल्या टाकीत सामू हळूहळू ढासळतो. दुसरी गोष्ट म्हणजे कवचे बांधणारे जीव. ते एक भाग कॅल्शियम व दोन भाग बायकार्बोनेट घेऊन कॅल्शियम कार्बोनेट बनवतात.

येथे विद्यार्थ्यांकडून एक हिशेब करून घेण्याजोगा आहे. जीवांनी लिटरमागे ५० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट काढून घेतले, तर २० मिलिग्रॅम कॅल्शियम व एक एकक अल्कता खर्ची पडते. समुद्राच्या पाण्यात कॅल्शियम लिटरला सुमारे ४१० मिलिग्रॅम असते, ते ३९० होईल. म्हणजे घट पाच टक्के. अल्कता मात्र २.३ वरून १.३ वर येईल, म्हणजे घट ४३ टक्के. दोहोंचा खर्च एकाच प्रमाणात होत असला, तरी धोक्याची घंटा आधी अल्कतेत वाजते.

तीन पेल्यांचा प्रयोग

अल्कता बरोबर आहे, अमोनिया नाही, आणि सामू तरीही ७.८. अशा वेळी कारण बहुधा हवेत सापडते. लालबागच्या चाळीतील दहा बाय बाराची खोली डोळ्यांसमोर आणा. पाऊस कोसळतो आहे, खिडक्या बंद आहेत, पाच माणसे झोपलेली आहेत. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे ४२० भाग असतो. अशा बंद खोलीत तो हजाराच्या वर सहज जातो. हा वायू पाण्यात विरघळून कार्बोनिक आम्ल बनते. त्याचे प्रमाण दुप्पट झाले की समुद्राच्या पाण्याचा सामू सुमारे ०.३ ने उतरतो. शिवाय रात्री शेवाळांचे प्रकाशसंश्लेषण थांबते, पण श्वसन चालूच राहते. म्हणून अशा टाकीचा सामू पहाटे सर्वांत कमी भरतो. या स्थितीत अल्कता मुळीच बदललेली नसते, हे ध्यानात ठेवावे.

याची खात्री करण्यासाठी टाकीतील पाणी तीन पेल्यांत घ्यावे. पहिला तसाच झाकून ठेवावा. दुसऱ्यात त्याच खोलीत हवेच्या पंपाने तासभर बुडबुडे सोडावेत. तिसऱ्यात गॅलरीत किंवा गच्चीवर, मोकळ्या हवेत तसेच करावे. मग तिन्हींचा सामू मोजावा. साधा सामू-कागद येथे उपयोगी नाही, कारण ७.८ व ८.२ यांतील फरक तो नीट दाखवत नाही. सामूमापी किंवा समुद्राच्या पाण्यासाठीचा दर्शक वापरावा.

दुसऱ्या व तिसऱ्या पेल्यात सामू वाढला, तर खोलीची हवा ठीक आहे, पण टाकीतले पाणी पुरेसे खळबळत नाही. फक्त तिसऱ्यात वाढला, तर दोष खोलीतल्या हवेचा. अशा वेळी खिडकी उघडावी, किंवा पंपाची हवा घेणारी नळी खिडकीबाहेर सोडावी. खर्च चार-सहा रुपयांच्या नळीचा नसला, तरी औषधाच्या डबीपेक्षा खचित कमी. तिसऱ्या पेल्यातही सामू जागचा हलला नाही, तर अल्कतेची चाचणी पुन्हा करावी.

उपाय करताना

अल्कता कमी असल्याची खात्री झाली की खाण्याचा सोडा, म्हणजे सोडियम बायकार्बोनेट, पुरतो. बेकिंग पावडर चालणार नाही. शंभर लिटर पाण्याची अल्कता एका एककाने वाढवायला ८.४ ग्रॅम सोडा लागतो. तो गोड्या पाण्यात विरघळवून निदान तीन दिवसांत विभागून घालावा. याने सामू लगेच वाढत नाही, उलट किंचित उतरतो. त्याला घाबरून आणखी सोडा टाकू नये. धुण्याच्या सोड्याने सामू झटकन चढतो, म्हणून तो टाळावा.

कॅल्शियम व अल्कता दोन्ही खर्ची पडत असतील, तर आपल्या ओळखीची चुन्याची निवळी उत्तम. जर्मनीत हाच उपाय कित्येक वर्षे चालत आला आहे. निवळीत कॅल्शियम व अल्कता अगदी कवच बांधायला लागणाऱ्या प्रमाणातच असतात आणि ती जास्तीचा कार्बन डायऑक्साइडही शोषते. एक लिटर संतृप्त निवळी शंभर लिटर पाण्याची अल्कता सुमारे ०.४ एककाने वाढवते. पण तिचा सामू १२ च्या वर असल्याने ती एकदम ओतली तर टाकीचा सामू अर्ध्या एककाहून अधिक उडी घेतो. सलाइनच्या नळीतून रात्रभर थेंब थेंब सोडावी. चुना शुद्ध, प्रयोगशाळेतला घ्यावा, पानाचा नव्हे. डोळ्यांना जपावे.

कधीकधी उपाय केल्यावर पाणी दुधाळ होते. समुद्राचे पाणी मुळातच कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंतृप्त असते. मॅग्नेशियम स्फटिकांच्या पृष्ठभागावर बसून त्यांची वाढ अडवते, म्हणून ते एरवी खाली बसत नाही. मॅग्नेशियम लिटरला सुमारे १३०० मिलिग्रॅमपेक्षा बरेच कमी असेल, किंवा सोडा व कॅल्शियम एकाच वेळी भरपूर पडले, तर साका तयार होतो आणि दोन्ही आकडे खाली येतात. अशा वेळी काही न घालता थांबावे आणि थोडे पाणी बदलावे.

टाकीत शिंपले टाकले की सामू आपोआप सुधारतो, हा समजही खरा नाही. सामू ७.८ असतानाही शिंपले जवळजवळ विरघळत नाहीत.

मुंबईत घ्यायची काळजी

बाष्पीभवनाने पाणी जाते, क्षार मागे राहतात. म्हणून रोजची भर गोड्या पाण्याची घालावी. पालिकेचे पाणी तलावांचे असले तरी त्यात क्लोरीन असते. ते घालवायला प्रयोगशाळेतील हायपोचा बारीक खडा पुरतो. हे पाणी तांब्याच्या हंड्यात किंवा पितळी कळशीत साठवू नये. तांब्याचा अंशही गोगलगायींना मारक असतो. गिरगाव चौपाटीचे पाणी भरून आणण्याचा मोहही टाळावा. पावसाळ्यात ते गोडसर होते आणि शहराचे सांडपाणी त्यात मिसळलेले असते. मिठागरातले मीठही चालत नाही, कारण ते बहुतांशी सोडियम क्लोराइड असते आणि आपल्याला हवे असलेले घटक त्यात राहिलेले नसतात.

टाकीबाहेरचा समुद्र

बंद खोलीत जे टाकीचे होते, तेच फार मोठ्या प्रमाणावर समुद्राचे होत आहे. औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दशलक्ष भागांत सुमारे २८० भाग होता, आज तो ४२० च्या वर आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू या काळात साधारण ८.२ वरून ८.१ वर आला. फरक क्षुल्लक वाटतो, परंतु सामू लॉगॅरिथमच्या मापात असल्याने हायड्रोजन आयन सुमारे एक चतुर्थांशाने वाढले आहेत. हे गणित दहावी-अकरावीच्या मुलांना करता येईल.

कवच बांधणारे जीव फार दूर नाहीत. वरळी व हाजी अलीच्या खडकांवर, गढूळ पाण्यातही, कठीण प्रवाळ वाढतात. सागरी किनारा मार्गाच्या कामासाठी २०२० साली त्यांतील काही वसाहती उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. टाकीचा सामू घसरला तर खिडकी उघडता येते. समुद्राला तशी खिडकी नाही. तेथे हवेतच कार्बन डायऑक्साइड कमी सोडणे एवढा एकच उपाय उरतो.