जुना बांबूचा फिशिंग रॉड कसा पारखायचा?
सुरतेच्या जुन्या बाजारात इंग्रजी काळातला फिशिंग रॉड दिसला, तर आधी त्याचे पैलू मोजा. सहा असतील तर तो बहुधा स्प्लिट-केन, म्हणजे बांबूच्या सहा तिकोनी पट्ट्या चिकटवून केलेला. गोल, भरीव लाकूड असेल तर बहुतेक ग्रीनहार्ट.

एकोणिसाव्या शतकात विलायती कारागीर ‘कलकत्ता केन’ वापरायचे, म्हणजे आपला मानवेल बांबू. शेजारच्या डांगच्या जंगलात हीच जात उगवते! पट्टीवर भाजल्याचे काळे डाग ही त्याची खूण. पुढे चीनचा टोंकिन बांबू आला.

मुठीजवळ ‘हार्डी, ॲल्नविक’ असं नामांकित इंग्रजी कंपनीचं नाव दिसलं तरी लगेच हुरळून जाऊ नका. तुकडे जोडा, एक डोळा मिटून मुठीपासून टोकापर्यंत बघा. कायमचा बाक आलाय का? पट्ट्यांच्या सांध्यावर नख फिरवा. अडकलं तर सरस सुटतोय. धातूचा जोड ओढताना ‘टप्’ वाजला तर उत्तम. एक तुकडा आखूड असेल तर टोक मोडलं असण्याची दाट शक्यता. लाकडी पेटीतले जपानी संच महायुद्धानंतर ढिगानं बनले. देखणे असतात, पण फार किंमत देऊ नका.

आणि कृपा करून पॉलिशपेपर लावू नका. बांबूची सगळी ताकद सालीलगतच्या तंतूंत असते.