वाऱ्याच्या वाटेवर – भाग ६ : केपटाऊन ते रिओ, बोटीवरचे दिवस

२ जानेवारी २०२३ रोजी दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनहून शिडाच्या बोटींचा एक ताफा शर्यतीसाठी अटलांटिक ओलांडून ब्राझीलमधल्या रिओ दि जानेरोकडे निघाला. त्यात भारतीय नौदलाची ‘तारिणी’ होती. लांबी छप्पन्न फूट, म्हणजे जेमतेम सतरा मीटर. गोव्यातल्या दिवार बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ती बांधली गेली. त्याआधी याच कारखान्यातून निघालेली तिची थोरली बहीण ‘म्हादेई’ २०११, २०१४ आणि २०१७ मध्ये ही शर्यत खेळून आली होती. ‘केप टू रिओ’ ही शर्यत १९७१ पासून भरते आणि तिचं यजमानपद रॉयल केप यॉट क्लबकडे असतं. अंतर साधारण साडेतीन हजार सागरी मैल, म्हणजे साडेसहा हजार किलोमीटर.

व्यापारी वारे कसे वाहतात ते गेल्या आठवड्यात पाहिलं. आज त्याच वाऱ्यांवर तीन-चार आठवडे जगणाऱ्या माणसांकडे वळू. परभणीतून मुंबईचा समुद्र गाठायला देवगिरी किंवा नंदीग्राम एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागते, हे मला ठाऊक आहे. तरीही हा विषय आपल्या लोकांना परका वाटू नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे. त्याची कारणं ओघात येतीलच.

नकाशावर केपटाऊन आणि रिओ सरळ रेषेने जोडले तर तो रस्ता सर्वांत कमी अंतराचा दिसतो. पण त्या रस्त्याने गेलेली बोट हरते. दक्षिण अटलांटिकच्या मधोमध हवेच्या उच्च दाबाचं मोठं क्षेत्र ठाण मांडून असतं. जून लागला की आपण रोज कमी दाबाच्या पट्ट्याची वाट पाहतो. इथलं प्रकरण नेमकं उलट आहे. उच्च दाबाच्या मध्याशी वारा पडतो, शिडं लोंबकळतात आणि बोट दिवसदिवस एका जागी डुलत राहते. म्हणून जाणते खलाशी आधी आफ्रिकेच्या किनाऱ्याला धरून वायव्येकडे चढतात, आग्नेयेकडून येणारा व्यापारी वारा पाठीवर घेतात आणि मग पश्चिमेला वळतात. लांबचा वळसा लवकर पोहोचवतो. मात्र किती वर चढायचं आणि केव्हा वळायचं, हा निर्णय शर्यतीच्या पहिल्याच आठवड्यात घ्यावा लागतो. तो चुकला तर पुढे कितीही मेहनत केली तरी भरून निघत नाही, कारण उच्च दाबाचं हे क्षेत्र स्वतःही सरकत असतं. उपग्रहावरून हवामानाचे नकाशे बोटीवर येतात, पण ते वाचून जोखीम घ्यायची ती माणसांनीच.

आता बोटीच्या आत जाऊ. बोट दिवसरात्र चालते, त्यामुळे माणसांना पाळ्या लावून घ्याव्या लागतात. खलाशी अशा पाळीला ‘वॉच’ म्हणतात. तीन किंवा चार तास डेकवर, मग तेवढीच किंवा थोडी जास्त विश्रांती. सलग सहा-सात तास झोप ही चीज नाहीच. रात्री दोनला उठायचं, ओलसर कपडे चढवायचे, पट्टा बांधायचा आणि अंधारात सुकाणू हाती घ्यायचं. ज्यांनी रब्बीत रात्रपाळीच्या विजेवर पाणी दिलंय, त्यांना हे उठणं समजावून सांगायला नको.

झोपायची जागाही सपाट नसते. वारा बाजूने आला की बोट वीस-पंचवीस अंश कलते आणि कधीकधी दिवसेंदिवस तशीच राहते. झोपलेला माणूस घरंगळून पडू नये म्हणून फळीच्या कडेला कापडाची झोळीवजा भिंत ताणून बांधतात. शेगडी आडव्या कण्यावर टांगलेली असते. बोट कलली तरी ती आपली आपण सरळ राहते, म्हणून पातेलं सांडत नाही. संडासला जायचं तरी एका हाताने आधार धरावा लागतो आणि काम झाल्यावर हाताने पंप मारून घाण बाहेर काढावी लागते. नव्या माणसाचे पहिले दोन-तीन दिवस उलट्यांत जातात. तरी त्याची पाळी कुणी माफ करत नाही, आणि करूही नये. एकाने सोडलेले तास दुसऱ्याच्या झोपेतून जातात.

पाण्याची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. चहूबाजूंना पाणी, पण एका लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ. असं पाणी प्यालं तर ते मीठ बाहेर टाकायला शरीराला त्याहून जास्त पाणी लागतं आणि माणूस आणखी सुकतो. म्हणून टाकीत गोडं पाणी भरून घेतात आणि सोबत समुद्राचं पाणी गोडं करणारं यंत्र ठेवतात. आपल्याकडे गल्लोगल्ली जार भरून देणाऱ्या आरओ प्लांटचंच तत्त्व. फक्त समुद्राच्या पाण्याला दाब कितीतरी जास्त द्यावा लागतो. दाबाला वीज लागते, विजेला बॅटरी आणि बॅटरी चार्ज करायला इंजिन. शर्यतीत इंजिनाने बोट पुढे ढकलायला मनाई असते, पण वीज तयार करायला ते चालवता येतं. म्हणजे प्रत्येक तांब्यामागे थोडं डिझेल जळतं. त्यामुळे अंघोळ खाऱ्या पाण्याने, तीही जमेल तेव्हा, आणि वरून गोड्या पाण्याचा एखादा मग. नाहीतर मीठ कातडीवर सुकतं, बसायच्या जागी फोड येतात आणि शर्यतभर छळतात. भांडीही आधी समुद्राच्याच पाण्याने घासायची. ढग भरून आले की शिडावरून ओघळणारं पाणी बादलीत धरायचं. पहिली धार खारट लागते म्हणून ती सोडून द्यायची.

हे यंत्र किंवा टाकी बिघडली तर काय होतं, याचं उदाहरण आपल्याच नौदलात आहे. अभिलाष टॉमी हे ‘म्हादेई’वरून एकट्याने, कुठेही न थांबता जगाला फेरी मारायला १ नोव्हेंबर २०१२ रोजी मुंबईहून निघाले. त्या फेरीत त्यांच्या पिण्याच्या पाण्यात डिझेल मिसळलं. मग उरलेलं पाणी मोजून पिणं आणि पावसाचं धरणं एवढंच हाती राहिलं. ३१ मार्च २०१३ ला ते मुंबईला पोहोचले. दुष्काळात वाढलेल्या माणसाला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. म्हणूनच मी म्हणतो, या खेळातला अर्धा धडा मराठवाड्याच्या मुलामुलींना घरातच मिळालेला असतो.

खाण्याचं म्हणाल तर पहिला आठवडा बरा जातो. कांदे, बटाटे, कोबी, लिंबं, अंडी टिकतात. पुढे मग डब्यांवर आणि पाकिटांवर भागवायचं. नौदलाच्या बोटींवर म्हैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने तयार केलेली जेवणाची पाकिटंही असतात. शेगडीवर सर्वांत सोयीची खिचडी. एकच पातेलं, कमी पाणी, चमच्याने खाता येते आणि बोट उसळली तरी वाटीत टिकून राहते. सकाळी डेकवर उडणारे मासे पडलेले सापडतात. ज्यांना चालतात ते तळून खातात.

बोटीवर सर्वांत जास्त वेळ जातो तो दुरुस्तीत. चोवीस तास चालणाऱ्या बोटीवर दोर एकाच जागी घासत राहतो आणि दोन-चार दिवसांत झिजून तुटतो. म्हणून रोज उजाडताच एकजण नाळेपासून सुकाणूपर्यंत हिंडून प्रत्येक दोर, कप्पी, कडी बोटाने चाचपून पाहतो. वाटेत ना बंदर, ना गॅरेज. फाटलेलं शीड केबिनमध्ये पसरून सुईदोऱ्याने शिवायचं, आणि ते काम आपल्या झोपेच्या वेळात करायचं. डोलकाठी जवळपास पंचवीस मीटर उंच. वर काही अडकलं तर कुणाला तरी दोराच्या आधाराने चढावं लागतं. खाली बोट थोडी हलली तरी डोलकाठीच्या टोकाचा माणूस कित्येक मीटर इकडून तिकडे फेकला जातो.

डेकवर पट्टा बांधण्याबद्दल कप्तान इतका कडक का असतो, ते एका हिशेबाने कळेल. आठ नॉट वेगाने जाणारी बोट मिनिटाला अडीचशे मीटर अंतर तोडते. माणूस पाण्यात पडला, हाक गेली, मोठं शीड उतरवून बोट वळवली, तोवर तो कितीतरी मागे राहिलेला असतो आणि दोन मीटरच्या लाटांत त्याचं डोकं दिसत नाही. रात्री तर नाहीच. समुद्र तसा निर्दय नसतो, पण निष्काळजीपणाला क्षमा करत नाही. ४ जानेवारी २०१४ ला सुटलेल्या याच शर्यतीला केपटाऊन सोडताच वादळाने गाठलं. अंगोलाच्या ‘बिले’ या बोटीची डोलकाठी मोडली आणि तिच्यावरचा एक खलाशी दगावला. इतर अनेक बोटींना माघारी फिरावं लागलं.

निकाल कसा लावतात, हेही थोडक्यात. पहिला निकाल सर्वांत आधी पोहोचणाऱ्याचा. २०२० मध्ये ‘लव्ह वॉटर’ या तीन सांगाड्यांच्या बोटीने हे अंतर आठ दिवसांच्या आत कापलं. तारिणीला ते शक्य नाही. वीस टनांहून जड असलेली ही बोट केप हॉर्नच्या वादळातून सुखरूप परतण्यासाठी बांधलेली आहे. म्हणून प्रत्येक बोटीची लांबी, वजन आणि शिडं यांवरून एक गुणक ठरवतात आणि लागलेल्या वेळाला त्याने गुणून दुसरा निकाल काढतात. माझ्या मते हा दुसरा निकालच खरा. पहिला पुष्कळदा पैशाचा असतो.

तारिणी आली तशीच शिडांवर परत फिरली. मे २०२३ मध्ये ती गोव्याला परतली, तेव्हा गोव्याहून निघाल्यापासून १८८ दिवस आणि सुमारे सतरा हजार सागरी मैल झाले होते. या सफरीतल्या दिलना के. आणि रूपा ए. या दोन अधिकारी पुढे दोघीच तारिणी घेऊन २ ऑक्टोबर २०२४ रोजी जगप्रदक्षिणेला निघाल्या आणि २९ मे २०२५ ला परतल्या.

आता परभणीबद्दल, म्हणजे समुद्रापासून दूरच्या माणसांबद्दल. या साऱ्या उद्योगाचं मूळ ज्या माणसापाशी पोहोचतं, ते व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात वीरचक्र मिळवलेला हा नौदल अधिकारी निवृत्तीनंतर फलटणजवळच्या विंचुर्णीत राहिला. समुद्रापासून दूर, कमी पावसाच्या मुलखात. भारतात बांधलेल्या बोटीतून भारतीयाने एकट्याने जगाला फेरी मारावी, हा ध्यास त्यांचा. तो कमांडर दिलीप दोंदे यांनी १९ ऑगस्ट २००९ ते १९ मे २०१० या फेरीत पुरा केला. पुढे २०१७-१८ मध्ये सहा महिला अधिकाऱ्यांनी तारिणीतून प्रदक्षिणा केली. त्यांच्या कप्तान वर्तिका जोशी ऋषिकेशच्या, प्रतिभा जामवाल कुलूच्या, पायल गुप्ता डेहराडूनच्या, विजया देवी मणिपूरच्या, ऐश्वर्या बोड्डपाटी हैदराबादच्या. घराजवळ समुद्र होता तो एकट्या विशाखापट्टणमच्या पी. स्वाती यांच्या.

तेव्हा गंगाखेड, जिंतूर, पाथरी, सेलूच्या शाळांतल्या शिक्षकांना माझी विनंती आहे. दहावीच्या वर्गात नौदलाचं नाव एकदा तरी घ्या. छत्रपती संभाजीनगरला १९७७ पासून मुलांसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे, मुलींसाठी तशीच संस्था नाशिकला निघाली आहे आणि राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं दार मुलींनाही २०२२ पासून उघडं आहे. पोहायला येणारी, पहाटे उठणारी, हाताने दुरुस्ती करायची आवड असलेली मुलं-मुली तुमच्या वर्गात असतील, तर त्यांना या संस्थांचे फॉर्म आठवणीने भरायला लावा.

(पुढील आठवड्यात : मांडवीच्या काठावर ‘म्हादेई’ कशी बांधली गेली)