पाऊण मुंबई इकडे, संग्रहालये तिकडे

2011 च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या 93 लाख 57 हजार भरली आणि शहर जिल्ह्याची 30 लाख 85 हजार. म्हणजे दर चार मुंबईकरांतले तिघे उपनगरात राहतात. आता सुट्टीत मुलांना जिथे नेतो ती मोठी ठिकाणे आठवून पाहा. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 चे, फोर्टमधले छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय 1922 चे, वरळीचे नेहरू तारांगण 1977 चे आणि नेहरू विज्ञान केंद्र 1985 चे. चारही शहर जिल्ह्यात आहेत.

पहिल्या दोन संग्रहालयांबद्दल तक्रार करता येत नाही. त्या काळी वर्सोवा आणि अंधेरी ही साष्टीतली गावे होती. महापालिकेची हद्द 1950 मध्ये उपनगरांत शिरली आणि 1957 मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत गेली. पण विज्ञान केंद्र सुरू झाले त्याच्या चार वर्षे आधी, 1981 च्या जनगणनेतच, उपनगरांत 49 लाखांहून अधिक लोक होते आणि शहरात 33 लाखांहून कमी. त्यानंतरही त्या तोलामोलाचे एकही संग्रहालय अंधेरी-बोरिवलीच्या वाट्याला आले नाही.

या चाळीस वर्षांत बदलली ती वाट. 8 जून 2014 ला वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली : 11.4 किलोमीटर, 12 स्थानके. ऑक्टोबर 2025 मध्ये आरे ते कफ परेड ही 33.5 किलोमीटरची भुयारी मेट्रो पूर्ण झाली. वर्सोव्याहून निघून मरोळ नाक्याला गाडी बदलली की विज्ञान केंद्र, आणि तसेच पुढे हुतात्मा चौकाला उतरले की वस्तुसंग्रहालय. लहान मूल कडेवर घेऊन लोकलच्या गर्दीत चढणाऱ्या आईला या बदलाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही. राणीबागेच्या प्राणिसंग्रहालयात 2017 मध्ये आई-वडील आणि दोन मुलांच्या कुटुंबाला 100 रुपयांचे एकच तिकीट ठेवले, हेही शहाणपणाचे. व्हिएन्नाने याहून मोठे पाऊल उचलले. तिथल्या सरकारी संग्रहालयांत 2010 पासून 19 वर्षांखालच्या सर्वांना प्रवेश मोफत आहे.

मोकळ्या निसर्गाच्या बाबतीत मात्र आपण व्हिएन्नाला मागे टाकतो. तिथल्या कुटुंबांचे आवडते लाइन्झर टियरगार्टन हे वनोद्यान साधारण साडेचोवीस चौरस किलोमीटरचे. आपले संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे 104, म्हणजे चौपटीहून मोठे. आत कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. मेट्रो 7 चे स्थानक जवळच असल्याने वर्सोव्याहून एकदा गाडी बदलून तिथवर जाता येते.

त्याहून जवळ, अंधेरी पश्चिमेला, गिल्बर्ट हिल आहे. सुमारे 200 फूट उंचीचा हा बेसाल्टचा सुळका साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना आकसला, त्याला उभ्या भेगा गेल्या आणि पैलूदार खांब एकमेकांना खेटून उभे राहिले. खालून मान वर करून पाहिले की हे खांब एकेक करून मोजता येतात. माथ्यावर गावदेवीचे मंदिर आहे, वर जायला खडकात कोरलेल्या पायऱ्या आहेत. अमेरिकेत असाच डेव्हिल्स टॉवर आहे. 1906 मध्ये तो त्या देशाचे पहिले राष्ट्रीय स्मारक झाला. आपला सुळका इमारती आणि झोपड्यांच्या गराड्यात उभा आहे.

आणि खुद्द वर्सोव्याचा किनारा. ऑक्टोबर 2015 मध्ये अफरोज शाह यांनी इथे कचरा उचलायला सुरुवात केली. दोन वर्षांच्या आत 50 लाख किलोहून अधिक कचरा निघाला. मार्च 2018 मध्ये ऑलिव्ह रिडले कासवाची ऐंशीच्या आसपास पिल्ले याच वाळूतून समुद्राकडे गेली. त्याआधी कित्येक वर्षे इथे ती कोणाला दिसली नव्हती. उत्तर टोकाला कोळीवाडा आहे. बांबूच्या मांडवांवर सुकत घातलेले बोंबील, जाळी दुरुस्त करणारे हात, खाडी ओलांडून मढला नेणारी बोट, हे सगळे मुलांना दाखवण्यासारखे आहे. 1 जून ते 31 जुलै या 61 दिवसांत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. ती का, हा प्रश्न मुलाने तिथल्याच एखाद्या नाखव्याला विचारावा. इतके नेमके उत्तर पुस्तकात मिळणार नाही.

उणीव आहे ती समजावून सांगणाऱ्या जागेची. विज्ञान केंद्रात यंत्रामागचे तत्त्व मुलाला उलगडून दाखवले जाते. कोळीवाड्यात आणि गिल्बर्ट हिलपाशी तशी सोय नाही. 93 लाखांच्या जिल्ह्याला समुद्र, खडक आणि कोळी जीवन सांगणारे स्वतःचे संग्रहालय मिळालेच पाहिजे, आणि ते वर्सोव्यात व्हावे. तोवर महापालिकेने निदान सुळक्याच्या पायथ्याशी मुलांना वाचता येईल असा मराठी फलक लावावा.