थीम बदला, पण आधी जपून ठेवा

सोलापुरी चादर विणणाऱ्या पारंपरिक जॅकार्ड मागावर छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली, की संपूर्ण नक्षी बदलते. मागावरच्या सुताचा रंग मात्र तोच राहतो. संगणकावरील 'थीम'चे कार्यही असेच चालते.

१९९५ मध्ये 'विंडोज ९५'साठी आलेल्या 'प्लस' या पूरक संचाने ही सोय घरोघरी पोहोचवली. थीम म्हणजे वस्तुतः एक साधी मजकूर-फाईल. पार्श्वचित्र, रंगसंगती, माऊसचा बाण आणि ध्वनी यांच्या नोंदी तीत असतात. थीम निवडताच संगणक त्या सर्व एकाच वेळी अमलात आणतो. जे फाईलमध्ये नोंदलेले नाही, ते पूर्ववत राहते. अक्षरांचा आकार, उदाहरणार्थ, 'विंडोज ११'मध्ये 'अ‍ॅक्सेसिबिलिटी' विभागातून स्वतंत्रपणे ठरवावा लागतो.

हा भेद दृष्टी अधू झालेल्या ज्येष्ठांच्या बाबतीत महत्त्वाचा ठरतो. नातवंडांनी हौसेने नवी थीम लावली, तर आजोबांच्या सवयीची ठळक रंगसंगती क्षणात नाहीशी होऊ शकते. यास्तव 'सेटिंग्ज'मधील 'पर्सनलायझेशन' विभागात 'थीम्स' उघडून चालू मांडणी आधी 'सेव्ह' करावी. मग नवा साज न रुचल्यास जुना एका क्लिकसरशी परत येतो.